शीबाई आणि कानफाटी

शीबाईंना चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण उद्यानात ते कोणाच्या लक्षात नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना शीबाईच म्हणायचे. नारिंगी कोट, हातात लांब चिमटा, काखेत प्लास्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी अशा थाटात त्या डोंगराची वाट चढायला लागल्या की पहिल्याच वळणापासून त्यांचं ते सुरू व्हायचं. "शी! शी शी शी! हागायला डोंगरच सापडला मेल्यांना?"

आणि त्यांचं काय चुकत होतं? शहर डोंगराला अगदी खेटून वसलेलं. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरायचं, रस्ता ओलांडायचा, की समोर उद्यानाचं फाटक. सुट्टीच्या दिवशी निम्मं शहर शुद्ध हवा खायला वर लोटायचं आणि जाताना आपली घाण ठेवून जायचं. बाळांचे भरलेले लंगोट झुडपांवर लटकवलेले. कड्यावरच्या खडकाला वाढदिवसाच्या केकचं क्रीम फासलेलं आणि त्यावर माश्यांची जत्रा. एकदा तर झऱ्याच्या काठावर लघवीने भरलेली बाटली नीट उभी करून ठेवलेली, वर झाकण घट्ट लावलेलं. "झाकण लावण्याइतकी अक्कल आहे बघा!" शीबाई त्या बाटलीलाच म्हणाल्या.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. चढताना फक्त शिव्या द्यायच्या, कचऱ्याला हात लावायचा नाही. माथ्याखालच्या कुरणावर पोचलं की पिशवी झटकून उघडायची आणि तिथून खाली वेचत यायचं, म्हणजे पिशवी जड होईल तसा उतारही हाताशी असतो. पिशवी झटकली की कुरणातून एक हरणी मान वर करायची. तिचा डावा कान कधीतरी काट्यात फाटलेला, म्हणून शीबाईंनी तिचं नाव कानफाटी ठेवलं होतं. मग ती पार खालच्या वळणापर्यंत शीबाईंच्या मागून चालत यायची, पोरीला शाळेत पोचवायला निघाल्यासारखी.

शीबाईंनी तिला कधी दाणाही घातला नव्हता. त्यामुळे तर त्यांना जास्तच अप्रूप. काही मिळत नसताना जे मागे येतं ते प्रेमच, दुसरं काय?

"पोरगा महिनामहिना फोन करत नाही, पण ही माझी वाट चुकत नाही," त्या घरी नवऱ्याला सांगायच्या. नवरा पूर्वी उद्यानाचीच कचऱ्याची गाडी चालवायचा. गुडघे गेल्यापासून खाटेवर बसून सगळ्यांची टिंगल करणं हेच त्याचं काम.

"पोराला चार पाय दिले असतेस तर तोही आला असता," तो म्हणायचा.

मग झऱ्याजवळ एक मोठं नर हरीण मरून पडलेलं सापडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं पोट जागेवरच फाडलं आणि निघेल ते भरायला शीबाईंना बोलावलं. आतून जे निघालं ते आतडं नव्हतं, गवतही नव्हतं. वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे कागद, पिशव्या, केकच्या खोक्याची सोनेरी दोरी, सगळं चावून पिळून एकजीव झालेला लांबलचक बोळा. घाण अशी सुटली की डॉक्टरसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले.

"पोट गच्च भरलेलं आणि मेला उपाशी," ते म्हणाले.

शीबाईंनी तो बोळा दोन्ही हातांनी उचलून पिशवीत घातला. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकदाही शी निघाली नाही. त्यांना एकच घोर लागला होता, कानफाटीचा. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली: ती आपल्या मागे असते, त्या भिकारड्या लोकांच्या नादाला लागत नाही.

एवढं झाल्यावर साहेबांनी काय करावं? येणाऱ्या लोकांना दंड? छे! त्यांनी कर्मचाऱ्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या आणि कापडी दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

शीबाई कापडी पिशवी घेऊन कुरणावर पोचल्या. पिशवी झटकली. कानफाटीने मान वर केली नाही. पुन्हा झटकली, हाक मारली, "अगं ए कानफाटे, चल की!" ती आपली चरतेय. तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका बाईने वेफर्सचं पाकीट कर्रकन फोडलं. कानफाटीचे दोन्ही कान टवकारले. ती शीबाईंच्या कोटाला घासून पुढे गेली आणि त्या पाकिटात तिने तोंड खुपसलं.

"कित्ती गोड आहे!" बाई चित्कारली. वेफर्स संपले, मग पाकीटही गेलं. बाईच्या नवऱ्याने त्याचाही फोटो काढला.

शीबाई पाहतच राहिल्या. म्हणजे इतकी वर्षं ती आपल्या मागे येत नव्हती. पिशवीच्या चुरचुरीमागे येत होती. आपल्याला वाटलं माया, आणि ती बिचारी रोज खाऊ निघेल म्हणून पार खालपर्यंत आशेने चालत यायची. लोकांनी तिला आवाज शिकवला आणि आपण रोज पिशवी झटकून तो धडा पक्का करून घेतला. "शी," त्या म्हणाल्या, आणि या वेळी ती शी स्वतःसाठीच होती.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. टिंगल केली नाही. "भ्यायला शिकव तिला," तो म्हणाला. "भ्यालेलं जनावर जगतं."

"माझ्याच्यानं हात उचलवेल का?"

"मग पुढचा बोळा तिच्या पोटातून काढायला उचल."

सुट्टीच्या दिवशी कानफाटी एका टोळक्याच्या केकच्या खोक्याकडे निघाली तेव्हा शीबाईंनी दगड उचलला. पहिला मुद्दाम चुकवला. तिला वाटलं खेळच आहे. दुसरा तिच्या मांडीवर बसला. कानफाटी ओरडली, लंगडत पळाली, आणि पळताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. ते पाहणं शीबाईंच्या काळजात रुतलं.

"अहो बाई, माणूस आहात की राक्षस?" टोळक्यातला एकजण किंचाळला. हाताला क्रीम, तोंडाला क्रीम, आणि हा दया शिकवणार! बाकीच्यांनी फोन वर धरलेच होते. संध्याकाळपर्यंत शीबाईंची दुष्टाई शहरभर झाली.

साहेबांनी बोलावून घेतलं. "प्राण्यांवर प्रेम करा, असा फलक आहे आपल्याच फाटकावर. वाचला नाहीत?"

"त्याच्याखाली खायला घालू नका असंही लिहिलंय साहेब. ते कोण वाचतं?"

"पब्लिक आहे, गोडीने घ्यावं लागतं. पुन्हा तुमच्या हातात दगड दिसला तर घरी बसा."

पुढच्या सुट्टीला त्या वर गेल्या. नारिंगी कोट दिसताच कानफाटी उसळली आणि झाडीत घुसली. शिकली! शीबाईंना रडू आलं आणि हायसंही वाटलं. त्या खाली वेचायला लागल्या. वळणावर पाकिटाची चुरचुर ऐकू आली म्हणून मागे पाहिलं, तर कानफाटी झाडीतून बाहेर येऊन थेट एका पोराच्या मांडीशी उभी! सगळं जग तिला अजून चांगलंच वाटत होतं. वाईट फक्त एक शीबाई.

ज्यांनी विष चारलं ते सोयरे, आणि आपण वैरी. त्यांनी पिशवी खाली ठेवली, तरातरा चढून कुरणावर गेल्या आणि त्या पोराशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. हातात दगड नाही, तोंडात शिवी नाही. कानफाटीने त्यांना पाहिलं, थरथरली आणि पळून गेली.

"तुमच्यामुळे गेली ना ती!" पोराची आई फणकारली.

"हो," शीबाई म्हणाल्या.

तेव्हापासून फाटक उघडायच्या आत त्या कचरा वेचून टाकतात आणि दिवसभर कुरणावर असतात. कोणी पाकीट काढलं की त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहतात. लोक नाकं मुरडतात, काही ओळखून बोटंही दाखवतात. भर उन्हात अंग भाजून निघतं, तरी त्या कोट काढत नाहीत. कानफाटीला तो लांबून दिसायला हवा.