न बसणाऱ्या ट्यूटरबाई

आमच्या ट्यूटरबाईंना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची असायची, पण तिच्यावर बसायची त्यांची पर्स. बाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत आम्हा नर्सेसना बाळंतपणातल्या जखमा शिकवायच्या. छावणी भागातल्या त्यांच्या घरी चहासुद्धा उभ्यानंच घ्यायच्या म्हणे.

"डोकं दिसलं की 'जोर लाव, जोर लाव' म्हणून काय बोंबलता गं? फुंकर मारायला सांगा तिला. खाली हाताचा आधार द्या, डोकं हळू येऊ द्या." मग अख्ख्या वर्गाला फुंकरा मारायला लावायच्या. आम्ही खिदळलो की जाम चिडायच्या.

सगळा जीव मात्र एकाच गोष्टीवर. टाके घालायच्या आधी आणि नंतरही मागच्या वाटेनं बोट घालून तपासायचंच, कारण शौच धरून ठेवणारा आतला स्नायू फाटलेला वरून दिसत नाही. "लाज बाळंतिणीची झाका. तुमची ठेवा घरी!"

आणि मी, त्यांची लाडकी, नेमकी तिथंच लाजले. करमाडजवळच्या आमच्या केंद्रात एक पहिलटकरीण बाळंत झाली. सासू उशाशी उभी, मी नवखी. वरवर पाहिलं, टाके घातले आणि मोकळी झाले. साडेतीन महिन्यांनी ती बाळाला लस टोचायला घेऊन आली, पण बाकावर बसेना.

"सिस्टर, वारा सरलेला बी कळत नाय. लुगडं खराब होतं. चार बायांत बसायची चोरी झाली."

मी तेव्हा बोट घालून तपासलंच नव्हतं. बाईंना फोन केला, शिव्या खायच्या तयारीनंच. त्या एवढंच म्हणाल्या, "रडू नको. उद्या घेऊन ये तिला."

शहरातल्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर बाई येरझारा घालत होत्या. मी म्हटलं, "बसा ना जरा."

"कशी बसू गं? लई वर्षांखाली माझ्या हातून बी एक अशीच न तपासता सुटली. परत आलीच नाय. कुठं उभी असंल ती?"

पुढं बाई निवृत्त झाल्या. निरोपाला हार, भाषणं आणि स्टेजवर बाई उभ्याच. मला बघताच तरातरा खाली आल्या. "ती करमाडची कशी हाय?"

"भावाच्या लग्नात दिवसभर मांडवात बसली होती, बाई. पंगतीतसुद्धा."

"दिवसभर?" त्यांनी माझा हात गच्च धरला आणि शेजारच्या खुर्चीवर चक्क बसल्या. डोळे भरून आले होते.

दोनच मिनिटं. मग पदरानं तोंड पुसून उठल्या.

"माझी ती उभीच असंल अजून," म्हणाल्या.