सोनेरी टोकांची वायर

महागडी वायर लावली की घरच्या टीव्हीचा आवाज सुधारतो का, असं मला कुणी विचारलं तर मी ताडकन ‘नाही’ म्हणते. लोकांना वाटतं, बाईला यातलं काय कळतं. मला कळतं. लांब न्यायची असेल तर वायर जाड घ्यावी, जोड पक्का करावा, आणि उरलेल्या पैशांत घरच्यांना जेवायला न्यावं. बाकी सगळी दुकानदाराची बडबड. हे ज्ञान बाबांचं आहे. ते माहीत असूनही मी एकापाठोपाठ एक तीन वायरी घेतल्या, त्याचं कारण मात्र माझं आहे.

बाबांचा अमडापूरला लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, गणपती, जयंतीची मिरवणूक, मयताच्या तेरवीचं कीर्तन, सगळीकडे बाबांचे कर्णे. ॲम्प्लिफायरला आमच्याकडे सगळे ‘मशीन’ म्हणतात. त्या मशीनशेजारी खुर्ची टाकून ते बसायचे आणि एक कर्णा कायम त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बांधलेला असायचा, म्हणजे बिघाड लगेच कळावा. बिघाड शोधायचा त्यांचा क्रम ठरलेला होता. “आधी वायर पाह्य, मंग जोड, मंग मशीन.” घरात मिक्सर बंद पडला तरी आम्ही याच क्रमाने जायचो. शाळेत माझं गणित कच्चं राहिलं तेव्हा आई म्हणाली होती, “हिची वायर कुठं सुटली ते पाहा.”

धंद्याची आणखी एक रीत होती. भर मांडवात मशीनजवळ जो येतो तो दोनच गोष्टी सांगायला येतो, आवाज वाढवा नाहीतर कमी करा. आणि कमी करा म्हणणारा लाखात एक. त्यामुळे कुणी जवळ येऊन तोंड हलवलं की बाबा हसून हात वर करायचे आणि बटण थोडं उजवीकडे फिरवायचे. माणूस समाधानाने निघून जायचा.

माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी दुसऱ्या कुणाला मशीनला हात लावू दिला नाही. “माह्याच पोरीच्या लग्नात आवाज फाटला तं लोकं काय म्हनतीन?” मंगलाष्टकं झाली, आहेराची नावं पुकारून झाली, पंगती उठल्या. पाठवणीला त्यांनी सनई लावली. मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले आणि गाडीत बसले. बाबा आले नाहीत. ड्रायव्हरने गाडी काढली, मी मागच्या काचेतून खामगाव रोडच्या वळणापर्यंत पाहत राहिले. सनई मात्र ऐकू येत होती, चांगली खणखणीत.

हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. तोंडावर बोलले नाही, पण आईला फोनवर शंभर वेळा ऐकवलं, की त्यांचं पहिलं लेकरू ते मशीन, मी दुसरी. आई म्हणायची, “जाऊ दे ना बाई. त्याईचा धंदाच तसा.” बाबा स्वतः फोनवर येतच नसत. आईने हातात दिलाच तर “हाव, बरं हाय, ठेवतो” म्हणून मोकळे. त्याचाही मला राग होता.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. धंदा त्याआधीच बंद झाला होता. रिकाम्या घरात बाबा दिवसभर काय करणार, म्हणून मी मोठा टीव्ही आणि पाच स्पीकर-डब्यांचा होम थिएटर घेऊन दिला. गावातल्या एका दुकानदाराने माझ्या लग्नाची जुनी सीडी पेनड्राइव्हमध्ये घालून दिली, कारण आईचं हलतंबोलतं चित्र दुसरीकडे कुठेच नव्हतं. त्यात आई पुष्कळदा दिसते. पंगतीत वाढताना दिसते, विहिणीची ओटी भरताना दिसते. पण बोलते एकदाच. पाठवणीच्या वेळी कॅमेरावाला नेमका मशीनजवळ उभा होता. कर्ण्यांची तोंडं रस्त्याकडे आणि कॅमेरा आईच्या खांद्याशी, म्हणून तिचा आवाज पकडला गेला. आई तोंडावर पदर दाबून लगबगीने येते आणि बाबांना म्हणते, “अवो, पोरगी गाडीत बसली. उठा ना. राहू द्या ते मशीन.” बाबा तिच्याकडे पाहून हसतात, हात वर करतात आणि बटण फिरवतात. सनई वाढते. आई क्षणभर तशीच उभी राहते, मग एकटीच निघून जाते.

बाबा हाच तुकडा लावून बसायचे. संपला की मागे न्यायचे, परत लावायचे. शेजारच्या काकू मला फोनवर सांगायच्या, “तुहे बाबा तेच ते पाह्यत राह्यते वं.” मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पस्तावा झाला. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटलं. मग एके दिवशी बाबांनीच फोन केला. “डब्ब्यातून आवाज साफ नाही येऊन राह्यला. वायरीचा फॉल्ट असन. चांगली वायर पाठव.” आणि मी काही बोलायच्या आत ठेवून दिला. मी वायर पाठवली. महिन्याभराने परत तोच फोन. तिच्यापेक्षा भारी पाठवली.

तिसऱ्यांदा मी इथे पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याशी बोलताना माझ्या तोंडून ‘मले’ निघालं, तसा त्याचा सूर बदलला आणि तो मला लहान मुलीसारखं समजावू लागला. ही वायर बघा, टोकांना सोन्याचा मुलामा, आत चांदीचा अंश, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या लग्नातल्या शालूपेक्षा महाग होती ती. डबी तर अशी, की आत मंगळसूत्र असावं. वायरीत काही दम नसतो हे मला ठाऊक होतं, पण मी घेतली. अर्धी मायेने घेतली आणि अर्धी खुनशीपणाने. मनात म्हणाले, पाहिजे ना साफ? मग ऐका एकदाचं साफ, आई काय म्हणाली ते.

ती मी स्वतः जाऊन लावली. बाबांनी सोनेरी टोक बोटात फिरवून पाहिलं. “दहा फुटाले सोनं कायले पाह्यजे?” म्हणाले, पण चेहऱ्यावर आशा होती, ती लपत नव्हती. तुकडा लावला. बाबांनी तळहात डब्यावर ठेवला, जसे ते कर्ण्यावर ठेवायचे, आणि डोळे बारीक करून आईच्या तोंडाकडे पाहत राहिले. तुकडा संपला. “डब्बा तं बोलून राह्यला,” ते म्हणाले. “बोल नाही कयत.”

मी जुनी, डब्याबरोबर फुकट आलेली वायर परत लावून ऐकलं. मग दुसरी, मग ही. आईचं अक्षर न् अक्षर तिन्हींतून सारखंच स्पष्ट येत होतं. माझं डोकं फिरलं. चहा टाकायला आत गेले आणि तिथूनच ओरडले, “अजून किती साफ पाह्यजे तुमाले? सगळं तं कळते!” बाहेरून उत्तर आलं नाही. मी म्हटलं, ताठा अजून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना शुगर तपासायला चिखलीला नेलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, गोळ्या वेळेवर घेता का, पाय बधिर होतात का, बाबा नीट उत्तरं देत होते. मग त्या खाली मान घालून कागदावर लिहिता लिहिता काहीतरी विचारू लागल्या, तर बाबा गप्प. त्यांनी वर पाहिलं. मग कागद तोंडापुढे धरून विचारलं, “बाबा, जेवलात का?” बाबा हसले आणि त्यांनी हात वर केला.

तो हात मी ओळखला.

कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. ओठ पाहून ते बोलणं ओळखतात, कान फार पूर्वीच गेलेले आहेत, पंधरा वर्षं तरी झाली असतील, असं त्यांनी सांगितलं. कानाचं मशीन लावलं तर आवाज येईल, पण शब्द उमगतील याची खात्री नाही. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी बाबांच्या समोर उभी राहून विचारलं, सांगितलं काऊन नाही? ते खाली पाहून म्हणाले, “भयऱ्या साऊंडवाल्याले कोन बलावते माय?”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं आमचं झालं. मी वायरीवर वायर आणत राहिले. बाबासुद्धा आपल्या क्रमानेच गेले, आधी वायर, मग जोड, मग मशीन. ऐकणाऱ्याचा कान त्या क्रमात कधी नव्हताच. खरं तर कदाचित त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी सोन्याच्या टोकातून एक वाक्य तेवढं येईल अशी आशा वाटत होती. ज्या बाईचे ओठ वाचत त्यांनी संसार केला तिने नेमका त्याच दिवशी तोंडावर पदर धरला होता.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. टीव्ही लावला नाही. हळूहळू, एकेक शब्द ओठांवर दिसेल असा, आईचं बोलणं सांगितलं. अवो, पोरगी गाडीत बसली. उठा ना. राहू द्या ते मशीन.

बाबांनी मला तीनदा म्हणायला लावलं. “मले वाटलं, आवाज वाढवा म्हनते,” ते म्हणाले. “सगयेच तेच म्हनत. मंग पाह्यलं तं ती रडत होती. म्हनलं, काऊन रडते? आजवर तेच पाहून राह्यलो.” मग म्हणाले, “मंग तुही माय मले कधी बोलली कशी नाही?”

आईला त्यांच्या कानांचं कधी कळलं, ते मला ठाऊक नाही. पुढे ती त्यांच्याशी बोलायची ती नेहमी समोर येऊन, हातातलं काम टाकून. फोन आधी तीच उचलायची. म्हणजे कधीतरी तिला कळलं होतं आणि तिने झाकून ठेवलं होतं. पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी ती मांडवातून एकटी परत फिरली, ती नवरा मशीन सोडून उठला नाही असं समजूनच. आणि मी ती जाईपर्यंत तिच्याच कानात ते दुःख ओतत राहिले. हे आठवलं की मला माझ्याच जिभेची चीड येते.

मी निघाले त्या सकाळी बाबा माझ्याआधी तयार होऊन, चपला घालून उंबऱ्याशी बसले होते. इतक्या वर्षांत स्टँडवर ते पहिल्यांदाच येत होते. बॅग मला धरू दिली नाही. एसटी आली, मी खिडकीशी बसले, ते खाली उभे राहिले. मला रडू फुटलं आणि मी ओढणी तोंडावर दाबली. तशीच मी काहीतरी बोलत होते, नीट जेवा, औषध घ्या, मी येते.

बाबांनी हात वर केला नाही. बहिरी माणसं बोलतात तसं ते एवढ्या मोठ्याने बोलले, की अर्धी एसटी वळून पाहू लागली.

“ओढनी काढ वं तोंडावरची. पाहू दे मले काय म्हनते ते.”