ठिपके आणि रांगोळी

अक्का वारली. लातूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला परीक्षेच्या वर्गात होतो.

माझी ही थोरली बहीण रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी स्फटिकांवर एक पुस्तक मिळून लिहायचं आमचं ठरलं होतं. अडलं ते 'जालक' या शब्दावर. ठराविक अंतरावर कल्पिलेले नुसते बिंदू म्हणजे जालक; त्यांच्या आधारानं बसलेले खरे अणू म्हणजे रचना. पण बोलताना दोन्हींना जालकच म्हणायची सवय पडलेली. मीही 'हिऱ्याचं जालक' म्हणायचो.

"सगळेच म्हणतात, अक्का. पोरं समजून घेतात."

"काय कप्पाळ समजतात! पेपरात बिंदूबिंदूत तारा ओढतात, खिडकीच्या जाळीवानी."

दिवाळीत लातूरला गेलो तेव्हा तिनं मला अंगणात बोलावलं. ठिपके टाकून झाले होते.

"मास्तर, ही रांगोळी हाय का?"

"न्हाई. ठिपकेच आहेत अजून."

तिनं प्रत्येक ठिपक्याभोवती तेच चार पाकळ्यांचं फूल काढलं आणि एक ठिपका बोटानं पुसला. फूल जागेवरच राहिलं.

"इतकी वर्षं ठिपक्यालाच रांगोळी म्हणून राहिलास. हाव का न्हाई?"

"हाव," मी म्हणालो. ती जिंकल्यासारखी हसली.

मग उरला मूळ शब्द. आमच्या देवघरातल्या स्फटिकाच्या शिवलिंगामुळे स्फटिक म्हणजे लहानपणी एक पारदर्शक दगड होता. शाळेत मीठ, साखर, तुरटी सगळेच स्फटिक झाले. पुढे शिकलो, एकच मांडणी पुन्हा पुन्हा येते तो स्फटिक. नंतर तशी मांडणी नसूनही क्ष-किरण सोडले की स्फटिकासारखेच रेखीव ठिपके उमटवणारे पदार्थ सापडले आणि व्याख्या बदलावी लागली. मुलांना यातली कुठली सांगायची?

"फोनवर न्हाई व्हायचं ते," अक्का म्हणाली. "परीक्षा संपल्या की ये. लई भांडायचंय."

परीक्षा चालू असतानाच मला लातूरला जावं लागलं. अंगण कुणीतरी झाडलं होतं. रांगोळी नव्हती. तिच्याशी भांडायला मी काय काय मनात जुळवून ठेवलं होतं, ते तिथं उभा असताना एकेक आठवत राहिलं. एखाद्या रविवारी सहज जाऊन येता आलं असतं.

पुस्तकात आता जालक आणि रचना हे शब्द वेगळे आहेत. स्फटिकाच्या व्याख्येची जागा कोरी आहे.