थिर्झामावशीने धुऊन पाठवलेली वाक्यं

थिर्झा आल्डरसन, सगळ्या गावाची थिर्झामावशी, उत्तर इंग्लंडातल्या आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात दारोदार अंडी विकायची. टोपलीत वर अंडी, खाली पेंढा आणि पेंढ्याखाली चिठ्ठ्या. आमच्या बोलीचा कोश करायला शहरात काही विद्वान बसले होते, त्यांनी वर्तमानपत्रातून शब्द मागवलेले. कुणाच्या तोंडून जुना शब्द निसटला, की बाई अंडी मोजायचं सोडून आधी तो टिपायची, ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे गावच्या शाळेत छड्या खाण्यापुरतं. पण हौस? विचारू नका!

तिनंच मला सांगितलं, की 'सिली' म्हणजे एके काळी देवाची कृपा झालेला. मग झाला भोळा, मग बिचारा आणि घसरत घसरत शेवटी मूर्ख.

"म्हणजे आमच्या धाकट्या काकासारखंच की!" मी म्हटलं.

"त्याला एवढी शतकं नाही लागली, विल्फ. एका रविवारात उरकलं त्याचं."

सहा वर्षांच्या चिठ्ठ्या तिनं खोक्यात भरून पाठवल्या. त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये खोकं जसंच्या तसं परत! सोबत पत्र : 'बाई, शब्द अस्सल आहेत, पण तुमच्या चिठ्ठ्यांत सगळं गाव बिशपसारखं बोलतं. लोक बोलले तसंच लिहून ईस्टरच्या आत पाठवा, नाहीतर घेता येणार नाहीत.'

झालं होतं असं, की गावाची अब्रू राखायला मावशीनं प्रत्येक वाक्य धुऊन, इस्त्री करून पाठवलं होतं. मेंढपाळ जॉस किअर्टन कुत्र्यावर जे ओरडला, त्याचं तिनं केलं होतं, 'कृपया मेंढ्यांकडे लक्ष द्यावे.'

मावशी पुन्हा घरोघर फिरली. जॉस म्हणाला, "होतं तसं सांगतो, पण चॅपलमध्ये वाचून दाखवलंस तर बघ!"

शेवटी एकच चिठ्ठी उरली. शब्द 'स्टार्व्ह'. मुळात त्याचा अर्थ नुसता मरणं. दक्षिणेकडचे लोक त्यानं भुकेनं मरतात, आम्ही थंडीनं. वाक्य माझ्या आईचं होतं, आणि आई नोव्हेंबरातच गेली होती.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मावशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दार बंद करावे, अन्यथा आपण सर्व गारठू.'

"हॅना असं बोलली नव्हती, पोरा. कशी बोलली होती?"

"आठवत नाही," मी म्हटलं. साफ खोटं. दफन झाल्यापासून आईबद्दल एक शब्दही मी तोंडातून काढला नव्हता. काढला असता तर रडलो असतो, आणि चोवीस वर्षांचा गडी आमच्याकडे रडत नाही.

मावशीनं आग्रह केला नाही. चहा संपवला, उठली आणि शेगडीचं दार उघडलं. "तिच्या तोंडी भलतंच घालून पाठवण्यापेक्षा जळलेलं बरं."

"थांब!" मी ओरडलो. आणि आईच्याच आवाजात निघालं, "दार लाव की गाढवा, स्टार्व्ह करतोस का सगळ्यांना!"

मावशीची पेन्सिल थबकली. "गाढवा पण लिहू?"

"गाढवा तर हवंच. त्याशिवाय ती आई कसली!"

आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मी रडलोही. मावशीनं ते चिठ्ठीत लिहिलं नाही.

शनिवारच्या पोस्टानं खोकं गेलं आणि या वेळी परत आलं नाही. मावशी आता चॅपलमागे विसावली आहे. तिथून जाताना मी टोपी काढतो. माझ्या आईचा फोटो एकुलता एक, तोही पुसट. पण आवाज ठणठणीत ठेवलाय या अंडीवालीनं.

परवा वाचनालयात नातीनं कोश उघडून ते वाक्य मोठ्यानं वाचलं. खाली आईचं नाव, गावाचं नाव, साल. मी मुकाट्यानं उठलो आणि उघडं राहिलेलं दार लावून आलो.