दांडग्यांशी खेळायला आर्नहेमला

"बाबा, लीगमध्ये आम्ही टॉपला आहोत. मग आर्नहेमला कशाला मार खायला जायचं?" सईने विचारलं.

"टॉपला आहात म्हणूनच," मी म्हणालो.

माझी मुलगी सई नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विद्यार्थिनींच्या बास्केटबॉल संघात खेळते. त्या संघाचा मी कोच. कोर्स कुठलाच केलेला नाही. सामन्यांचे व्हिडिओ थांबवून, मागेपुढे करून पाहिले आणि शिकलो. अमेरिकेतले चांगले कॉलेज संघ आपल्या गटाचे सामने सुरू होण्याआधी बाहेरचे दांडगे संघ मुद्दाम शोधतात, हे त्यातूनच उमगलं. आमच्या लीगमध्ये मुलींना कोणी घाम फोडत नव्हतं, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा महिन्यावर आलेली. तिथे कोणी खरोखर अडवलं तर? म्हणून एक श्रेणी वरच्या आर्नहेमच्या संघाला मीच गाठलं.

शनिवारी झूटरमेरच्या घरून निघालो, लायडनला मुलींना घेतलं. दोन गाड्या. एन-११ ने बोदेग्रावेन, तिथून ए-१२ सरळ आर्नहेम. पेट्रोल गावातच भरा, हायवेवर महाग पडतं. दिवसा वेग शंभरच ठेवा. एडे गावानंतर जंगल लागतं आणि रस्ता चक्क चढतो. मी सातारचा, मला बरं वाटलं. हॉलमध्ये बाहेरचे बूट चालत नाहीत, कँटीनमध्ये रोख चालत नाही. टोस्टी, म्हणजे चीजचं भाजलेलं सँडविच, ठीक असते. तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही घरूनच नेल्या होत्या.

त्यांनी सुरुवातीपासून कोर्टभर अडवलं. आमच्या मुलींना मधली रेषासुद्धा ओलांडता येईना. अशा वेळी आमचं हत्यार म्हणजे मराठी. मी बाकावरून सईला सांगतो, ती इतरांना खुणावते, समोरच्यांना पत्ता लागत नाही.

"सई, डावीकडे टाक."

डावीकडे त्यांची सात नंबरची मुलगी आधीच हजर. उजवीकडे सांगितलं, तिथेही तीच. तिसऱ्यांदा चेंडू हिसकावून जाताना ती म्हणाली, "काका, जरा हळू बोला. सगळं कळतंय मला."

ऋचा नाव तिचं. आईवडील कोथरूडचे.

सई कमरेवर हात ठेवून हसत होती. "बाबा, आता तू खरंच गप्प बस. आम्ही बघतो."

बसलो. पडायचा तो मार पडलाच. पण शेवटच्या सत्रात सई आणि संघातली तिची मैत्रीण फेमके एकमेकींकडे बघून जागा बदलायला लागल्या आणि चेंडू पुढे सरकू लागला. परतताना दोघी माझ्या गाडीत. "फेमके म्हणतेय, तिचा कॉन्फिडन्स ए-१२ वर सांडला," सई म्हणाली. मी आरशात बघितलं. फेमके पुरी खात होती.

स्पर्धा लायडनलाच झाली. इथल्या पद्धतीप्रमाणे यजमान संघातल्या मुलींचे पालक स्कोअरच्या टेबलावर बसतात, आणि टेबलावरच्याने कोणाची बाजू घ्यायची नसते. सईने माझं नाव परस्पर तिथे दिलं होतं.

पहिल्याच सामन्यात तसंच कोर्टभर अडवणं आलं. डावा कोपरा मोकळा आहे, हे मला टेबलावरून दिसत होतं. सईने माझ्याकडे पाहिलंच नाही. चेंडू डाव्या कोपऱ्यात फेमकेच्या हातात गेला, तिथून जाळीत.

मी बटण दाबलं. दोन गुण.

आर्नहेमला जरूर जा. मुलींना घेऊन गेलात, तर बाकावर शक्यतो मागच्या रांगेत बसा.