पाठ तिची, उत्तरं माझी

१२ नोव्हेंबर, बुधवार. बेरीज शंभरपैकी एक्क्याण्णव. फॉर्म भरताना हजर : मी एकटा. ज्या मुलीच्या पाठीबद्दल तो फॉर्म होता ती माझी पंधरा वर्षांची केतकी तेव्हा गणिताच्या क्लासला होती.

केतकीला स्कोलिओसिस आहे, म्हणजे तिचा कणा एका बाजूला वळतो. दिवसातले अठरा तास ती कवचासारखा प्लास्टिकचा ब्रेस घालते. कणा किती अंश वळला ते एक्स-रेत दिसतं, पण मूल कसं जगतंय ते दिसत नाही. म्हणून पुण्यातले तिचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी वीस प्रश्नांचा फॉर्म देतात. दुखतं का, झोप लागते का, आरशात बघावंसं वाटतं का, मैत्रिणींबरोबर बाहेर जातेस का. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, जास्त म्हणजे चांगलं. तिचा क्लास बुडू नये म्हणून मी भरून टाकला. माझ्याइतकं तिला कोण ओळखतं, असं मला वाटलं.

फॉर्ममध्ये एकही खाडाखोड नव्हती. त्यावरूनच डॉक्टरांनी मला काम सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यातली दोन मुलं तपासणीला येईनाशी झाली होती. कुणीतरी नीटनेटक्या माणसानं त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरून आणायचे होते. "उत्तरं मुलांचीच हवीत हं," ते म्हणाले. मी मान हलवली. तिथेच खरं काय ते बोलायला हवं होतं.

बडनेऱ्याला सकाळी गाडीतून उतरलो आणि अमरावतीहून यवतमाळची एसटी धरली. पहिला टप्पा नेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. बाजार समितीबाहेर कापसानं फुगलेल्या गाड्यांची रांग होती आणि उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकत होता. स्टँडवर आलुबोंडा (बटाटावडा) खाल्ला. त्यावर रस्सा ओततात हे ठाऊक नसल्यानं शर्टावर डाग पडला.

नेरच्या घरी चौदा वर्षांचा रोहित आणि त्याची आजी होती. मी प्रश्न रोहितला विचारी आणि उत्तर आजी देई.

"कायले दुखन त्याले? दोन भाकरी एका बैठकीत हाणते."

"झोप लागते का?"

"कुंभकर्ण हाय."

रोहित जमिनीकडे पाहत होता. मी भराभर खुणा केल्या. अकरा मिनिटांत काम झालं, बेरीज चौऱ्याण्णव. मला समाधान वाटलं, हे आज लिहायलाही जड जातं.

यवतमाळला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वणीची बस पकडली. करंजीच्या पुढे टायर बसला. सगळे उतरून पळसाच्या सावलीत थांबलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठचे तुम्ही?" मी पुण्याचा म्हटलं आणि कामही सांगितलं.

"पाठीचा सर्वे? मंग ह्या बसचं नाव लिहा पहिले. इनं अख्ख्या तालुक्याच्या पाठी वाकवल्या."

वणीहून दुसरी बस धरून मुकुटबनला पोचेपर्यंत एक वाजला होता. दुसरा फॉर्म जिचा होता त्या प्रणालीचे वडील, देवीदासभाऊ, स्टँडवर न्यायला आले होते. साधारण माझ्याच वयाचे, अंगावर धुतलेला पांढरा शर्ट. "जयभीम साहेब, उन्हाचे आले." त्यांचं घर गावाच्या कडेला, मागे त्यांचंच वावर (शेत). बायको वेचणीला गेली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली दहावीची पुस्तकं ओळीत लावलेली. ती प्रणालीची. ती ब्रेसवर सैल कुडता घालून दारात उभी होती.

लोकांनी मोकळं बोलावं म्हणून मी आधीच सांगून टाकलं, की माझ्या मुलीलाही हेच आहे आणि तीही ब्रेस घालते. देवीदासभाऊंचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हंजे तुमी आपलेच." त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्या प्रश्नाला स्वतःच उत्तर दिलं. "दुखणं बिलकुल नाही. मस्त हाय पोरगी."

"बाबा," प्रणाली म्हणाली, "पेपर कोनाचा हाय? पाठ माही हाय ना?"

"घ्या! वकील झाली आमची."

"वकिलाले तरी बोलू देते कोर्टात."

माझ्याकडे एक फॉर्म जास्तीचा होता. मी सुचवलं की दोघांनी वेगवेगळा भरावा. त्यात चांगुलपणा काही नव्हता. दोन बेरजा ताडून पाहण्याची मला सवय आहे, एवढंच. देवीदासभाऊ हसत बाहेर मांडवात बसले, प्रणाली आत. दोघांनाही वीस मिनिटं लागली.

बापाची बेरीज सत्त्याऐंशी. मुलीची शेहेचाळीस.

देवीदासभाऊंनी दोन्ही कागद मांडीवर ठेवले आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागले. 'गेल्या महिन्यात दुखलं का?' त्यांचं अजिबात नाही, तिचं खूप. 'लोकांत जायला संकोच वाटतो का?' त्यांचं कधीच नाही, तिचं नेहमी. नवव्या प्रश्नावर बोट थांबलं. ब्रेस टोचतो का?

"काहून वं? टोचते?"

प्रणालीनं कमरेजवळ ब्रेसच्या कडेखालून दाबून दाबून चपटा झालेला कापसाचा गोळा ओढून काढला. कडेला तांबूस डाग होता.

"आपल्याच वावरातला हाय. रोज बदलतो. सरकी काढून घ्या लागते, नाई तर तेच रुतते."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी डॉक्टरपाशी मस्त हाय, मस्त हाय सांगून राह्यले. मंग मी काय म्हनू? चारचौघांत बापाले खोटं पाडू?"

माझ्या घरी जूनपासून सात रुमाल कमी झाले आहेत. मी मोजतो. दोन वेळा केतकीला बोललो होतो, की रुमालसुद्धा सांभाळता येत नाहीत, बारावीनंतर हॉस्टेलवर कशी राहणार. दोन्ही वेळा ती दप्तर उचलून क्लासला गेली होती. त्या गोळ्याकडे पाहताना मला सातही रुमाल कुठे गेले ते कळलं.

देवीदासभाऊंनी दोन्ही बेरजांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एक्केचाळीस मार्कांनं नापास झालो, साहेब." डोळे पुसण्याचीही त्यांनी लाज धरली नाही. आणि मग सरळ माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या पोरीचा फारम कोन भरते?"

मी म्हणालो, "तीच भरते."

लगेच म्हणालो. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर अडखळलो असतो. खोटं मात्र एकदम गुळगुळीत निघालं.

"तेच बराबर," ते म्हणाले. "शिकले-सवरलेले लोक."

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. माझ्या ताटात तूप वाढलं. त्यांच्या ताटात नव्हतं. मी खाली बघून जेवलो. निघताना प्रणालीनं एक पिशवी हातात दिली. सरकी काढून हातानं पिंजलेला कापूस.

"काकाजी, हे तुमच्या पोरीले द्या. तिकडे दुकानातला कापूस भेटते, पन तो लवकर दबते. तिले सांगा, रातच्याला ब्रेसच्या आत लुगड्याचं जुनं फडकं लावत जाय. घाम येत नाई."

केतकीची खरी उत्तरं मला ठाऊक आहेत असं धरून तिनं ते दिलं होतं. ती उत्तरं मी कधी घेतलीच नव्हती.

परतताना नेरला उतरलो. आजीला म्हटलं, फॉर्म चुकला, पुन्हा भरायचा आहे आणि या वेळी मी आणि रोहित दोघंच बसू. ती म्हणाली, "मी काय खोटं बोलली का?" मी म्हणालो, "नाही आजी, चूक माझी झाली." आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. तो फार हळू बोलत होता. बेरीज त्रेसष्ट झाली. बडनेऱ्याची आरक्षित गाडी चुकली. दुसऱ्या गाडीत दरवाजाजवळ बसून आलो.

घरी पोचल्यावर केतकीला पिशवी दिली आणि मुकुटबनच्या मुलीचा निरोप शब्दशः सांगितला. तिनं कापूस चिमटीत धरून पाहिला. मग मी फॉर्मचं सांगितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, एक्क्याण्णव, वा! मी म्हटलं, बाबा हुशारच आहेत पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी तिनं दार लावून स्वतः फॉर्म भरला. त्रेपन्न. मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं, जुना फॉर्म रद्द करवला, नेरचाही पहिला कागद दाखवून तो का बाद आहे ते लिहून दिलं. ब्रेसची कड घासून आत मऊ अस्तर लावून घेतलं. प्रणालीचंही अस्तर होईल, तिला पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे, असं डॉक्टर म्हणाले.

ही बातमी द्यायला देवीदासभाऊंना फोन केला. तारीख सांगून झाल्यावर म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. माझ्या मुलीचा फॉर्म मीच भरला होता. माफ करा."

"मले मालूम होतं, साहेब. जेवतांनी तुमी मान वर नाई केली."

तेच पुढे म्हणाले,

"पन माही कायले माफी मागता? पोरीले मागितली का?"

मी आठवून पाहिलं. फॉर्म बदलला होता, ब्रेस बदलला होता, रुमाल नवे आणले होते. डॉक्टरांना लेखी दिलं होतं. प्रत्येक चूक जिथल्या तिथे दुरुस्त केली होती आणि दुरुस्ती म्हणजेच माफी, असं मी धरून चाललो होतो. मुलांच्या जगण्याचं माप घ्यायला मी जिल्हाभर हिंडून आलो, आणि शेजारच्या खोलीत जायचं राहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठेवा फोन."

ब्रेसच्या अस्तराचे साडेचारशे रुपये कारागिराला तेव्हाच दिले होते. केतकीचं देणं राहिलं होतं, माफीचं; ते त्या संध्याकाळी, तिच्या खोलीत, उभ्यानं दिलं. तिनं ऐकून घेतलं. बरं म्हणाली नाही, आणि म्हणावं असा आग्रह मी धरला नाही.