बोर्डावरून मन उठलं तेव्हा

मुलुंडच्या एका व्यायामशाळेत कॅरमच्या दुहेरी स्पर्धेचा शेवटचा सामना चालला होता. चंद्रप्रकाश खिल्लारेसमोर आता फक्त राणी आणि आपली एक सोंगटी उरली होती. राणी पॉकेटच्या तोंडाशी होती, सोंगटी तिच्या मागे जरा तिरकी. असा फटका त्याने झोपेतसुद्धा मारला असता. बोर्डाच्या पलीकडे त्याचा जोडीदार राजाराम परब दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. उत्सुकता आवरेना झाली की तो असाच बसायचा.

चंद्रप्रकाशने स्ट्रायकर रेषेवर ठेवला आणि त्याच्या मनात आलं, हे मारलं काय नि नाही मारलं काय.

विचार इतका सरळ आला की तोच दचकला. मग त्याने राणी घेतली, मागोमाग सोंगटी घेतली, आणि ते दोघे जिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजाराम उठून थेट त्याच्या गळ्यात पडला. चंद्रप्रकाश हसला, हात जोडले, फोटोला उभा राहिला. पण आत कुठेच काही हललं नाही. विक्रोळीला परतताना बसमध्ये राजाराम कप मांडीवर घेऊन पुढच्या स्पर्धेचं बोलत होता आणि चंद्रप्रकाश खिडकीबाहेर बघून हं हं करत होता.

कॅरम हा चंद्रप्रकाशचा नुसता छंद नव्हता, ती त्याची ओळख होती. वडील हिंगोलीकडून येऊन विक्रोळीच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून घर कन्नमवार नगरात. बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बोर्ड असायचा. वर टांगलेला पिवळा बल्ब, चारी बाजूंनी वाकलेली डोकी, बोरिक पावडरचा वास. शाळेत मागच्या बाकावर बसणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा चंदू तिथे बसला की मोठी माणसं गप्प होऊन बघायची. पुढे तो घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ झाला, लग्न झालं, मुलगी झाली, पण वस्तीत त्याची ओळख 'कॅरमवाला चंदू' हीच राहिली.

राजाराम रस्त्यापलीकडच्या इमारतीतला. मूळ कुडाळचा, वडील परळला गिरणीत होते. आधी तो चंद्रप्रकाशचा कट्टर प्रतिस्पर्धी. एका जयंतीच्या स्पर्धेत राजारामच्या जोडीदाराला कावीळ झाली आणि आयोजकांनी या दोघांना एकत्र बसवलं. ते बसले ते बसलेच. आंबेडकर जयंती असो की गणपती, कंपनीची स्पर्धा असो की भांडुपच्या कुठल्या मंडळाची, पत्रकावर खिल्लारे-परब हे नाव एका दमात लिहिलं जायचं.

त्या मुलुंडच्या विजयानंतर चंद्रप्रकाश सरावाला टाळाटाळ करू लागला. कधी पाठ धरली, कधी लॅबमध्ये माणसं कमी आहेत. रविवारी राजाराम खालून हाक मारायचा आणि हा गॅलरीत येऊन म्हणायचा, "आज नको रे."

बायकोच्या, संघमित्राच्या, हे लक्षात आलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. न बोलणारी मुलं तिला रोजच भेटायची.

"अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तिने विचारलं.

"तसं काही नाही गं, मित्रा."

"मग राजारामभाऊंशी काही वाजलं?"

"नाही. मला खेळावंसंच वाटत नाही."

हे आपल्याच तोंडून ऐकून चंद्रप्रकाश घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याच लॅबमध्ये आपलं रक्त तपासलं. साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सगळं जागच्या जागी. रिपोर्ट बघून तो चक्क हिरमुसला. एखादा आकडा खाली-वर असता तर गोळ्या घेऊन भागलं असतं.

पुढच्या स्पर्धेची नोंदणी जवळ आली, तेव्हा सांगणं भाग पडलं. दोघे स्टेशनजवळच्या हॉटेलात चहाला बसले.

"राजा, यावेळी माझं नाव देऊ नकोस."

"का रे? पाठ?"

"पाठ बरी आहे. माझं मन उठलंय कॅरमवरून. बोर्डावर बसतो तेव्हा कामावर बसल्यासारखं वाटतं."

राजारामने बशी खाली ठेवली. एरवी तो मुंबईचं मराठी बोलायचा, पण काही लागलं की त्याच्या तोंडी मालवणी यायची.

"तुका कॅरमचो कंटाळो इलो, की माझो?"

"तुझा कसा येईल? येडा आहेस का?"

"मग मी आता कोणासमोर बसू?"

एकेरी खेळणाऱ्याने खेळ सोडला तर तो एकटा सोडतो. दुहेरीत एकजण उठला की दुसऱ्याचीही खुर्ची निघते. राजाराम चहा अर्धा टाकून गेला. त्यानंतर रस्त्यात समोर आला तरी मान हलवून पुढे जाऊ लागला.

चंद्रप्रकाशचे रविवार एकदम मोकळे झाले, आणि ते त्याला अंगावर येऊ लागले. मुलगी श्वेता म्हणाली, "पप्पा, तू काहीतरी नवीन शिक ना." तिनेच त्याला कीबोर्डच्या क्लासला घातलं. वर्गात बाकी सगळी शाळकरी मुलं. ती भराभर पुढे गेली आणि हा 'सा'च्या आसपासच राहिला. स्ट्रायकरची सवय झालेलं बोट पट्टीवर टेकायच्या ऐवजी टिचकी मारायचं. मग गॅलरीत कुंड्या आल्या. पाणी जास्त झालं म्हणून तुळस गेली, आणि कमी झालं म्हणून मोगरा. लॅबमधला सुबोध पक्षी बघायला बोरीवलीच्या नॅशनल पार्कात जायचा, त्याच्याबरोबर एका सकाळी गेला. सगळ्यांना पानांत काहीतरी हिरवं-निळं दिसत होतं, याला फक्त पानं दिसत होती. परत येताना खाल्लेला वडापाव तेवढा झकास होता.

"मला काही जमत नाही," तो घरी येऊन म्हणाला. "एक गोष्ट येत होती, ती सोडून बसलो."

संघमित्रा वह्या तपासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जमलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय तुम्हाला?"

ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. म्हणून की काय, मुलुंडच्या तरणतलावावर प्रौढांसाठी सकाळची बॅच सुरू होतेय असं कळल्यावर त्याने नाव दिलं. पाण्याची त्याला लहानपणापासून धास्ती. हिंगोलीकडे आजोळच्या विहिरीत एक मामा बुडाला होता, तेव्हापासून आईने मुलांना काठावरसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. जुहूलाही तो घोट्यापुरत्याच पाण्यात उभा राहायचा.

पहिल्या दिवशी टोपी घालून, पोट आत ओढून तो पायऱ्यांवर उभा राहिला आणि पाणी कमरेला लागताच त्याने कठडा धरला. बॅचमध्ये एक निवृत्त पोस्टमन होते, एक गुजराती किराणा दुकानदार होता आणि सगळेच सारखे घाबरलेले होते. शिकवणारी मधुवंती पंचविशीतली, आवाजाने कडक. तिने प्रत्येकाच्या हातात फोमची एक फळी दिली.

"काका, बोर्ड घट्ट धरा आणि पाय मारा."

"इथेही बोर्डच का?" चंद्रप्रकाश म्हणाला. कोणालाच कळलं नाही, पण तो स्वतःशीच हसला.

त्याने पाय मारले. पुढे जायच्या ऐवजी तो जागच्या जागी फिरला, नाकात पाणी गेलं, डोळे चुरचुरले. घरी परतताना मात्र त्याच्या लक्षात आलं की तासाभरात आपल्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. तो दुसऱ्या दिवशी गेला. मग जातच राहिला. पोस्टमन फळीशिवाय जाऊ लागले, दुकानदार खोल बाजूकडे सरकला, आणि चंद्रप्रकाशचे पाय अजून बुडतच होते. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, याचंच त्याला नवल वाटायचं. बोर्डावर सोंगटी चुकली की त्याला कित्येक दिवस टोचत राहायची. इथे चुकण्यावाचून दुसरं काही नव्हतंच.

एका सकाळी त्याने धापा टाकत कठडा धरला आणि वर पाहिलं. बघ्यांच्या बाकावर राजाराम बसला होता. हातात लग्नपत्रिकांची पिशवी.

चंद्रप्रकाश टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"घरी गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, इथे असतोस." राजारामने मुलीच्या लग्नाची पत्रिका पुढे केली. "तेजलचं लग्न ठरलं. पत्रिका हातात द्यायला हवी, म्हणून आलो."

"तेजलचं?" चंद्रप्रकाशने पत्रिका उलटसुलट पाहिली. "मुलगा काय करतो?"

"तुका म्हायतच नाय, तिचं दोन वर्षं चाललंय." राजाराम थोडा थांबला. "मी कधी सांगितलंच नाही, म्हणा."

दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं. इतकी वर्षं ते समोरासमोर बसले, पण दुहेरीत जोडीदाराशी बोलायला बंदी. सामना संपला की बोलणं व्हायचं ते सामन्याचंच. घरची गोष्ट कधी निघालीच नव्हती. चंद्रप्रकाशला आता आठवलं की राजारामची आई गेली तेव्हासुद्धा ते दोघे तेराव्यानंतरच्या स्पर्धेबद्दलच बोलले होते.

बाहेर टपरीवर चहा घेतला. राजारामने सांगितलं की तो आता निलेश नावाच्या नव्या जोडीदाराबरोबर खेळतो. पोरगा चांगला आहे, फक्त फटका मारल्यावर तोंडाने फार आवाज काढतो. पहिल्या दोन्ही स्पर्धांत ते बाहेर पडले.

"माझ्यावर राग आहे अजून?"

"होता. आता थोडा आहे." राजाराम म्हणाला. "एक सांग. मी मघापासून बघतोय, तुझे पाय बुडतायत. त्या शिकवणाऱ्या पोरीसमोर, म्हाताऱ्यांसमोर. ह्यात तुला काय मिळतं?"

चंद्रप्रकाशने विचार केला. "मला माहीत नाही पुढे काय होणार ते. कॅरमला मला आधीच माहीत असायचं."

राजारामला ते पटलं की नाही, कळलं नाही. त्याने दुसरा चहा सांगितला आणि हॉल मिळवताना झालेली दमछाक सांगत बसला. चंद्रप्रकाशने सगळं ऐकून घेतलं.

तेजलच्या हळदीला संध्याकाळी इमारतीच्या आवारात मांडव होता. संघमित्रा आणि राजारामची बायको सुगंधा बायकांच्या घोळक्यात होत्या. नवरदेवाकडच्या पोरांनी कोपऱ्यात कॅरम मांडला. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ, श्यामसुंदर त्यांचं नाव, या जोडीबद्दल कुठूनसं ऐकून आले होते.

"खिल्लारे-परब इथलेच ना? बसा की दोघं. पोरांना बघू दे."

आजूबाजूचे वळून बघू लागले. कोणीतरी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. चंद्रप्रकाशला वाटलं, लग्नघर आहे, आजच्यापुरतं बसावं. तो एक पाऊल पुढे आला.

राजारामने त्याच्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणाला, "तो आता खेळत नाय. पोहायला शिकतो." आणि निलेशला हाक मारून समोर बसवलं.

चंद्रप्रकाश मागे उभा राहून पहिला डाव बघत होता. राजारामने लांबून कापलेली एक सोंगटी अलगद पॉकेटमध्ये उतरली आणि चंद्रप्रकाशच्या तोंडून "वा" निघून गेलं. कितीतरी दिवसांनी एखादा फटका त्याला नुसता बघायला आवडला होता. निलेशने तोंडाने मोठा आवाज काढला तेव्हा राजारामने मान वळवून मागे बघितलं, आणि दोघे हसले.

मग सुगंधाने पियुषचे पेले वाटायला माणूस हवा म्हणून हाक मारली, तसा चंद्रप्रकाश ट्रे घेऊन मांडवात शिरला.

त्या बॅचच्या अखेरीस पोस्टमन तलावाची लांबी पार करून आले. चंद्रप्रकाश फळीशिवाय जेमतेम रुंदी ओलांडू शकला, तीही मध्ये एकदा उभा राहून. मधुवंतीने विचारलं, "काका, पुढच्या बॅचला येणार का?" त्याने कानातलं पाणी झटकत होकार दिला.